वरच्या खुणेच्या वर

जळगावात आमच्या दैनिकाच्या कचेरीसमोर एक डिझेल जीप उभी असे आणि तिच्याखाली कायम वाळू पसरलेली असे. वाळू टाकायचं काम शिपायाकडे होतं. जीपमधून तेल गळायचं, फरशी निसरडी व्हायची, आणि एकदा एक मोठे जाहिरातदार दारातच घसरून बसले, तेव्हापासून ही व्यवस्था सुरू झाली. जाहिरातदारांना उठवायला सगळ्यात आधी धावले ते सुपडू नाना, म्हणजे त्या जीपचे ड्रायव्हर. उठवता उठवता त्यांनी विचारलं, "जेवण झालंय ना साहेब? उपाशीपोटी माणूस असाच पडतो."

तेल आपल्या जीपचं आहे आणि ते का गळतं, हा विचार नानांच्या मनात आला नाही. पुढेही फारसा आला नाही.

ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. नाना पहाटे अंकांचे गठ्ठे घेऊन निघत. एरंडोल, पारोळा करत धुळ्याला पोचत आणि दुपारी न खपलेले अंक, धुळ्याच्या बातम्यांची पाकिटं आणि वाटेत हात दाखवील तो माणूस घेऊन परत येत. मी तेव्हा धुळ्याकडच्या बातम्या पाहायचो, त्यामुळे आठवड्यातून एक-दोनदा त्या जीपमध्ये बसायचो. बसायचो म्हणजे मावायचो. पुढच्या सीटवर ड्रायव्हर धरून चार आणि मागे गठ्ठ्यांवर जमतील तितके, असा नानांचा हिशेब होता. एरंडोलच्या पुढे कुणी म्हातारी हात करी. मागून आवाज येई, "नाना, जागा नाही." नाना गाडी थांबवत आणि म्हणत, "जागा असती तर कोणीही घेतलं असतं."

नाना अमळनेरकडच्या एका खेड्यातले. उंची बेताची, अंगाने रुंद, डोक्यावर टोपी, शर्टाच्या खिशाला नेहमी एक निळा डाग. डागाला कारण होतं. संपादकांचं शाईचं पेन भरून द्यायचं काम त्यांनी आपण होऊन अंगावर घेतलं होतं. ते पेन इतकं भरत की ते संपादकांच्या टेबलावर पोचेपर्यंत नानांच्या खिशात निम्मं रिकामं झालेलं असे. कचेरीतला माठ ते भरत तेव्हा माठाखालच्या तिवईला शेवाळ येई. त्यांनी दिलेला चहा बशी हातात घेतल्याशिवाय उचलता येत नसे. हे सगळं प्रेमाने चाले. कोणाला काही कमी पडलं ही गोष्ट त्यांना अपमानासारखी लागे, मग तो अपमान माणसाचा असो की माठाचा.

आमच्याशी ते शहरी मराठी बोलत. जीपशी मात्र अहिराणीत. सकाळी बॉनेट उघडून, आत तोंड घालून विचारत, "पोट भरनं का माय तुन्हं?" उत्तर काय यायचं ते त्यांनाच ठाऊक, पण ते नेहमी नकारार्थी असावं, कारण पाठोपाठ तेलाचा डबा तिरपा होई.

इथे थोडी तांत्रिक माहिती द्यायला हवी. इंजिनात तेल किती आहे हे पाहायला एक लांब पट्टी असते. तिच्यावर दोन खुणा असतात. तेल खालच्या खुणेच्या खाली जाऊ नये आणि वरच्या खुणेच्या वर येऊ नये, एवढाच त्या पट्टीचा सांगावा असतो. नानांनी तो वेगळा घेतला होता. त्यांच्या मते खालची खूण म्हणजे उपास आणि वरची खूण म्हणजे पानावर बसणं. जेवण त्यानंतर सुरू होतं. ते तेल ओतत राहत, ते तोटीच्या तोंडातून डोळ्यांना दिसेपर्यंत. "काडी बुडवून कोणी जेवण मोजतं का?" असं ते विचारत. "तवंग दिसला पाहिजे. तवंग दिसला की समजायचं, झालं."

हा तवंग त्यांनी कुठून आणला ते आम्हाला एका हिवाळ्यात कळलं. मेहरूणच्या बाजूला एका ओळखीच्यांच्या शेतात कचेरीची भरीत पार्टी होती. आमच्याकडे हिवाळ्यात ही पार्टी झाली नाही तर वर्ष फुकट गेल्यासारखं वाटतं. हिरवी लांब वांगी कापसाच्या काड्यांवर भाजली, लाकडी भांड्यात ठेचली, आणि फोडणीची जबाबदारी नानांनी घेतली. पुण्याहून नवेच आलेले एक उपसंपादक होते, कुलकर्णी. त्यांनी पानाकडे बराच वेळ पाहिलं. भरीत तेलाखाली होतं.

"नाना, तेल जरा जास्त झालं का?" त्यांनी अदबीनं विचारलं.

नाना पळी घेऊन उभे होते. त्यांना प्रश्नच कळला नाही. "साहेब, तेल जास्त होत नसतं," ते म्हणाले. "वांगं कमी पडतं." आणि त्यांनी कुलकर्ण्यांना आणखी वांगं वाढलं. मग त्या वांग्याला तेल कमी पडलं, म्हणून तेल वाढलं. हा क्रम बराच वेळ चालला. कुलकर्णी दुसऱ्या दिवशी कचेरीत आले नाहीत. नाना संध्याकाळी त्यांच्या खोलीवर गेले आणि उरलेलं भरीत देऊन आले.

पण सगळंच भरितावरून आलेलं नव्हतं. एकदा पारोळ्याच्या बाहेर पंक्चर काढताना नानांनी एक जुनी गोष्ट सांगितली. त्यांच्या वडिलांच्या विहिरीवर तेलावर चालणारं इंजिन होतं. ते जुनं, सगळीकडून गळणारं. कितीही पाजलं तरी कमीच. एका उन्हाळ्यात त्याच्यातलं वंगणाचं तेल संपलं आणि कोणाच्या लक्षात आलं नाही. इंजिन बसलं. मळ्यातली केळी उभ्या उभ्या वाळली. "ते बसलं तेव्हा असा आवाज आला," नाना म्हणाले, आणि त्यांनी आवाज काढून दाखवला. माणूस कण्हतो तसा तो आवाज होता. त्यानंतर कोणतंही यंत्र त्यांना आधी भुकेलं दिसे, मग यंत्र दिसे.

जास्त तेलाचे परिणाम लगेच दिसत नाहीत, हा त्यातला मोठा घोटाळा. पहिले काही दिवस गाडी नेहमीसारखी चालते. मग तिला चढ जड जाऊ लागतो. मग मागून निळसर धूर निघतो. मग जिथे जिथे सांधा आहे तिथून तेल बाहेर यायला लागतं, हवेची जाळी तेलानं चिंब होते आणि इंजिन तापतं. नाना ही लक्षणं बारकाईनं पाहत. प्रत्येक लक्षणाचा त्यांनी एकच अर्थ काढला होता: तेल जातंय, म्हणजे कमी पडतंय. मग ते आणखी घालत.

धुळ्यात पारोळा रोडवर रशीद मिस्त्रींचं गॅरेज होतं. सडपातळ, पांढऱ्या दाढीचे, बोलताना हातातला पाना हलवणारे. जीप त्यांच्याकडे इतकी जाई की त्यांनी तिच्यासाठी झाडाखालची जागा राखून ठेवली होती. त्यांनी नानांना अनेकदा समजावलं. एकदा मी हजर होतो.

"नाना, सुनो. नीचे क्रँक का दांडा फिरता है. तेल उसके नीचे पाहिजे. तुम उसको डुबा देते. फिर वो तेल को घुसळता है. घुसळ-घुसळ के क्या होता? ताक. तेल का ताक होता है. फेस. और फेस में वंगण नहीं रहता. इतना तेल डाल के भी इंजन सूखा का सूखा!"

नानांनी विचार केला. "ताक होतं म्हणता?"

"हाँ, ताक."

"मग बरंच आहे. ताक थंड असतं."

रशीद मिस्त्रींनी पाना खाली ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. मी टिपण करत असल्याचं दाखवलं.

मग मिस्त्रींनी दुसरा उपाय काढला. एका दुपारी त्यांनी नानांना शेजारच्या हॉटेलात जेवायला नेलं. शेवभाजी मागवली, पोळ्या मागवल्या, आणि हॉटेलवाल्याला आधीच सांगून ठेवलं की हा माणूस नको म्हणाला तरी वाढत राहायचं. बेत सोपा होता: पोट वरच्या खुणेच्या वर गेलं की नानांना इंजिनाची कळ कळेल. हॉटेलवाला वाढत राहिला. मिस्त्री स्वतः वाटीत रस्सा ओतत राहिले. नाना सुरुवातीला संकोचाने, मग समाधानाने आणि शेवटी घामाघूम होऊन खात राहिले, पण नको म्हणाले नाहीत. वाढणाऱ्याला नको म्हणणं त्यांना येत नव्हतं. अखेर हॉटेलातली शेव संपली.

"अब बोलो," मिस्त्री म्हणाले. "कैसा लगता?"

नाना टेबलाला धरून उभे राहिले. चेहरा लाल झाला होता. "झकास," ते म्हणाले. "फक्त जरा फिरून यावं लागेल."

मिस्त्रींना वाटलं, धडा पोचला. धडा पोचला होता, पण भलतीकडे. त्यानंतर मेहरूण तलावाच्या काठानं सकाळी फिरायला जाणाऱ्या मंडळींना एक नवं दृश्य दिसू लागलं. एक जीप, रिकामी, माणूस चालतो त्या वेगानं काठाकाठानं चाललेली, आणि स्टिअरिंगवर शांतपणे बसलेले सुपडू नाना. कुणीतरी विचारलं तेव्हा त्यांनी सांगितलं, "जेवल्यावर लगेच कामाला लावलं की तिला जड जातं. म्हणून शतपावली."

थोड्याच दिवसांत इंजिन खोलावं लागलं. आतलं बरंच काही बदलावं लागलं. आमचे मालक शांत स्वभावाचे होते, पण त्यांनी नानांना केबिनमध्ये बोलावून दोन वाक्यं सांगितली. वरच्या खुणेच्या वर थेंबभर तेल जाता कामा नये. पुन्हा इंजिन खोलावं लागलं तर जीप विकून टाकीन आणि तुम्ही गोडाऊनला कागदाची रिळं मोजायला बसाल. नाना "हो मालक" म्हणाले. ते मनापासून म्हणाले होते. पण दुसऱ्या सकाळी त्यांनी बॉनेट उघडलं, आत तोंड घातलं, आणि जीप नेहमीसारखीच भुकेली होती.

याच सुमारास कचेरीने दुसरी जीप घेतली. आणि इथे मुनीमजी गोष्टीत येतात.

मुनीमजींचं घराणं राजस्थानातलं. तीन पिढ्या जळगावात. कचेरीचा सगळा व्यवहार त्यांच्या हातात होता. ते दिवस मावळायच्या आत जेवत आणि भुकेपेक्षा दोन घास कमी खात. हे व्रत होतं, पण स्वभावही तोच होता. पेन्सिल बोटात धरता येत नाही इतकी लहान झाल्यावर ते तिला टोपण लावत. ताट धुऊन ते पाणी पीत. नाना आणि मुनीमजी एकमेकांशी कधी भांडले नव्हते. त्यांना एकमेकांचं काही कळतच नव्हतं.

दुसरी जीप आली आणि मुनीमजींच्या लक्षात आलं की दोन्ही जीप तेवढाच रस्ता तोडतात, पण नानांची जीप दुसरीच्या कितीतरी पट तेल नेते. गोडाऊनमधल्या पिंपातून ड्रायव्हर आपापलं तेल काढून घेत. मुनीमजींनी नानांना बोलावलं. मी शेजारच्या टेबलावर होतो.

"नानाजी, तेल जातं कुठं?"

"गाडीत."

"गाडीत किती मावतं, ते कंपनीच्या पुस्तकात आहे. मी बघितलंय. त्याच्यापेक्षा किती तरी जास्त तुम्ही नेता. बाकीचं कुठं जातं?"

"गाडीतच जातं."

"मावतच नाही, तर जाईल कसं?"

नानांनी टोपी काढून पुन्हा घातली. खरं सांगावं तर मालकांचा हुकूम मोडल्याचं कबूल करावं लागणार होतं, आणि खरं कोणी मानणारही नव्हतं. ड्रायव्हर तेल विकतो, हे सगळ्या मुलखाला ठाऊक होतं. ड्रायव्हर तेल जास्त घालतो, हे कोणी ऐकलेलं नव्हतं. मुनीमजी बारीक आवाजात म्हणाले, "मी आरोप करत नाही. मी विचारतो."

पण कचेरीत विचारणं आणि आरोप यांत फारसं अंतर नसतं. ते पार व्हायला दुपार लागली नाही. दुसऱ्या दिवशी गठ्ठ्यांबरोबर ती बातमीही गेली. पारोळ्याला आमचा एजंट अंक उतरवून घेताना डोळा मिचकावून म्हणाला, "नाना, आपल्या मोटरसायकललाही तेल लागतं बरं. ओळखीत कसं लावता?" भोवतीची दोन-चार माणसं हसली. नाना खाली उतरले नाहीत. एरवी ते तिथे उतरून चहा घेत आणि दहा माणसांची चौकशी करत. त्या दिवसापासून ते कुठेच उतरेनात. धुळ्यापर्यंत आणि धुळ्याहून परत, ते सीटवरच बसून राहत. हात दाखवणाऱ्या माणसांसाठी गाडी थांबवत, पण "बसा" म्हणत नसत. माणसं आपली आपण चढत.

चोरीपेक्षा त्यांना दुसरंच लागलं होतं. ते एकदा मला म्हणाले, "मी तिच्या तोंडातलं काढून विकलं म्हणतात हो." आणि मग, जीपच्या भाषेत, "मी चोर नही. बठ्ठं गाडीमाच शे." सगळं गाडीतच आहे, असं.

मालकांपर्यंत गोष्ट गेली. त्यांनी सांगितलं, मुनीमजी स्वतः नानांबरोबर धुळ्याला जातील, रशीद मिस्त्रींसमोर तपासणी होईल, आणि चोरी निघाली तर नानांनी चावी तिथेच ठेवायची. मलाही बरोबर पाठवलं. कचेरीला साक्षीदाराची सवय असते.

तपासणीच्या सकाळी नानांनी काय केलं ते आम्हाला नंतर कळलं. त्यांचं तर्कशास्त्र सरळ होतं. तेल कमी आहे का हे बघायला मुनीमजी येणार. तेव्हा ते कमी दिसता कामा नये. त्यांनी तोटीच्या तोंडाशी पोचेपर्यंत तेल ओतलं, थांबले, तेल खाली बसू दिलं, आणि पुन्हा ओतलं.

आम्ही निघालो. मुनीमजी पुढे बसले, मी मागे परतीच्या अंकांच्या गठ्ठ्यांवर. आदल्या दिवशीचे ते गठ्ठे उतरवायचे राहून गेले होते. धूर निळा नव्हता, पांढरा होता, आणि आमच्या मागे रस्ता दिसत नव्हता. एरंडोलच्या पुढे मुनीमजींनी गाडी थांबवायला सांगितली आणि पट्टी बघायला मागितली. नानांनी ती ओढून काढली. तेल दोन्ही खुणा ओलांडून, पार हाताच्या पकडीपर्यंत चढलेलं होतं. नानांच्या चेहऱ्यावर बऱ्याच दिवसांनी समाधान दिसलं.

मुनीमजींनी पट्टी उन्हात धरली. "आज भरलं," ते म्हणाले. "मी येणार म्हणून."

"हो," नाना म्हणाले.

"म्हणजे रोज नसतं."

पुरावा उलटा फिरला होता. नानांनी पट्टी पुसून परत घातली आणि पारोळ्याला न थांबता गाडी थेट धुळ्यात नेली. तिथले ताज्या अंकांचे गठ्ठे त्यांनी चालत्या गाडीतूनच एजंटाच्या ओट्यावर टाकायला लावले.

रशीद मिस्त्रींच्या गॅरेजसमोर झाडाखाली जीप थांबली. मुनीमजींनी हात पुढे केला. नानांनी इंजिन बंद करायचा खटका ओढला, चावी काढली आणि त्यांच्या तळहातावर ठेवली.

इंजिन बंद झालं नाही.

ते आधी जरा अडखळलं, मग त्याचा आवाज चढायला लागला. चावी मुनीमजींच्या हातात, ड्रायव्हर खाली उतरलेला, आणि जीप आपली आपण रेस होत होती. बॉनेट थरथरायला लागलं. धुरानं आधी झाड गेलं, मग गॅरेज, मग पारोळा रोड. समोरचा दवाखाना दिसेनासा झाला आणि आतून लोक बाहेर आले.

"बंद करा!" मुनीमजी ओरडले. ते मोठ्यानं बोललेले मी पहिल्यांदाच ऐकले.

"बंदच शे!" नाना ओरडले.

"बंद आहे तर चालतेय कशी?"

नानांनी खटका पुन्हा ओढला, आणखी ओढला, आणि तो त्यांच्या हातात आला. मग त्यांनी दोन्ही हात बॉनेटवर ठेवले आणि बाळाला थोपटतात तसे थोपटायला लागले. "बस कर माय. बस कर आते." जीप ऐकत नव्हती. आवाज आता किंचाळण्यासारखा झाला होता. मुनीमजी चावी पुढे धरून मागे मागे सरकत होते, जणू नानांनी ती परत घेतली तर सगळं थांबेल.

धुरातून रशीद मिस्त्री धावत आले. "हटो! अपना ही तेल पी रहा है!" त्यांनी बॉनेट उघडलं, हवेची नळी हिसकून काढली आणि ओरडले, "कुछ दो! मुँह बंद करने को कुछ दो!"

डिझेल नको, चावी नको. इंजिन तेलाच्या वाफेवर चाललं होतं. त्याला आता फक्त हवा लागत होती, आणि ती तोडणं एवढाच उपाय होता. मी जे हाताशी होतं ते दिलं. मिस्त्रींनी आमच्या दैनिकाचा एक अंक त्या तोंडावर दाबला. इंजिनानं तो पहिल्या पानापासून ओढून घेतला आणि क्षणात गिळला. "एक से क्या होता? पूरा गठ्ठा!" मी सुतळीनं बांधलेला अख्खा गठ्ठा दिला. मिस्त्री आणि नाना, दोघांनी तो छातीनं दाबून धरला. आवाज घोगरा झाला, दोन-तीन उचक्या आल्या, आणि जीप गप्प झाली. न खपलेल्या अंकांचा इतका थेट उपयोग झालेला मी नंतर कधी पाहिला नाही.

धूर विरायला वेळ लागला. गर्दी मात्र विरली नाही. मिस्त्रींनी इंजिनाखाली घमेलं ठेवलं आणि तळाचा बोल्ट काढला. तेल आलं ते फेसाळ, करड्या रंगाचं. घमेलं भरलं. मिस्त्रींनी दुसरं लावलं. तेही भरलं. मग एक बादली, मग बादली कमी पडली म्हणून शेजारच्या हॉटेलातून शेवभाजीचं पातेलं. प्रत्येक भांड्यागणिक मुनीमजी एकेक पाऊल पुढे येत होते. शेवटी ते धोतर सावरून जीपसमोर उकिडवे बसले आणि त्या सगळ्या भांड्यांकडे पाहू लागले. पुस्तकात लिहिलं होतं त्याच्या कितीतरी वर ते गेलं होतं.

"हे सगळं आत होतं?" त्यांनी विचारलं.

"बठ्ठं," नाना म्हणाले.

"रोज?"

"आज जरा पोटभर. रोज एवढं नाही."

रशीद मिस्त्रींनी हात पुसले. "मुनीमजी, मैं लिख के देता हूँ, ये आदमी चोर नहीं है. चोर होता, तो गाडी अच्छी रहती."

गर्दीत कुणीतरी हसलं, मग बरेच जण हसले. मुनीमजी हसले नाहीत. ते भांड्यांकडेच पाहत होते. आयुष्यभर त्यांनी कमी घेणाऱ्या आणि जास्त घेणाऱ्या माणसांचा हिशेब ठेवला होता. जास्त देणारा माणूस कुठे मांडायचा, हा प्रश्न त्यांना त्या दिवशी पहिल्यांदाच पडला असावा. बऱ्याच वेळानं ते उठले आणि चावी नानांच्या हातात परत दिली. "चुकलं" असं ते म्हणाले नाहीत. ते म्हणाले, "हात धुऊन घ्या. जेवायचं आहे."

इंजिन खोलावं लागलं, हे वेगळं सांगायला नको. मालकांनी जीप विकली नाही. मुनीमजींनी विकू दिली नाही, असं आम्ही ऐकलं. पण बॉनेटला कुलूप बसलं आणि त्याची किल्ली धुळ्याला मिस्त्रींकडे राहिली. नानांनी ते मान्य केलं. जीपचा धूर थांबला, गळती थांबली, शिपायानं वाळू झाडून टाकली. नाना मात्र हसायला तयार नव्हते.

एके दिवशी ते माझ्या टेबलाशी आले. "एक बातमी छापा," ते म्हणाले. "लहानशी चालेल. आतल्या पानावर. सुपडू चोर नाही म्हणून."

मी त्यांना सांगितलं, तसं छापता येत नाही. आरोप छापला नव्हता, तर खुलासा कसा छापणार?

"छापला नव्हता," नाना म्हणाले, "तरी बठ्ठास्ले ठाऊक शे ना?"

मुनीमजी समोरच बसले होते. त्यांनी मान वर केली नाही. टोपण लावलेली पेन्सिल चालत राहिली.

त्या आठवड्यात माझी बदली नाशिकला झाली. पारोळा-धुळ्याची कामं दुसऱ्याला सोपवायला मी शेवटचा त्या जीपमधून गेलो. पहाटे कचेरीत आलो तर पुढच्या सीटवर मुनीमजी बसलेले. धुळ्याला त्यांचं काही काम नव्हतं. मी विचारलं तर म्हणाले, "हवा चांगली आहे." जीप सुरू झाली.

एरंडोलला मुनीमजी खाली उतरले, एजंटाच्या ओट्यावर बसले आणि त्यांनी नानांना हाक मारून शेजारी बसवून घेतलं. पाच-दहा मिनिटं बसले, निघाले. पारोळ्यालाही तेच. सकाळची वेळ, अंक घ्यायला आलेले लोक, मोटारसायकलवाला तो एजंट. बाहेरचं काही न घेणाऱ्या मुनीमजींनी चहा मागवला. एजंट कप घेऊन लगबगीनं त्यांच्याकडे आला. त्यांनी हात आडवा केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मला नको. नानाजींना द्या. आमच्या कचेरीचे मोठे आहेत."

एजंटानं कप नानांपुढे धरला. नानांनी तो लगेच घेतला नाही. त्यांनी आधी भोवतीच्या माणसांकडे पाहिलं, एकेकाकडे, सावकाश. मग कप घेतला, बशीत ओतला आणि फुंकर घातली. आम्हाला धुळ्याला उशीर होत होता. नाना घोट घोट करत चहा पीत राहिले, आणि मुनीमजी त्यांच्या शेजारी हात मांडीवर ठेवून, मुळीच घाई न करता, बसून राहिले.